दिल्ली ते टोकियो: विमानाचे अंतर आणि प्रवासाचा वेळ स्वतः कसा काढावा

दिल्लीहून टोकियोला पहिल्यांदाच निघालेला माणूस तिकीट हातात आल्यावर सर्वांत आधी त्यावरच्या वेळांपाशी अडखळतो. समजा, जाताना विमान रात्री ८ वाजता सुटते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला पोहोचते; येताना सकाळी ११ वाजता सुटलेले विमान त्याच दिवशी संध्याकाळी ५ वाजता दिल्लीत उतरते. नुसती वजाबाकी केली तर जायला साडेअकरा तास आणि यायला सहा तास लागतात असे वाटते. खरे तर जाताना आठ तास लागतात आणि येताना साडेनऊ, म्हणजे जो प्रवास छोटा वाटतो तोच मोठा आहे. हा घोळ घड्याळाचा, वाऱ्याचा आणि पृथ्वीच्या गोलाईचा मिळून झालेला असतो, आणि तो एकदा हाताने सोडवून पाहिला की कोणत्याही दोन शहरांसाठी तीच रीत वापरता येते. पुढे ती रीत पायरीपायरीने दिली आहे.

पहिली पायरी: कोणते विमानतळ, ते आधी ठरवा

दिल्लीच्या बाजूला प्रश्न नाही. आंतरराष्ट्रीय विमाने इंदिरा गांधी विमानतळावरून सुटतात. टोकियोला मात्र दोन विमानतळ आहेत. १९३१ साली सुरू झालेला हानेदा शहराच्या मध्यापासून साधारण १५ किमीवर, उपसागराच्या काठाला आहे. १९७८ साली सुरू झालेला नरिता शेजारच्या चिबा प्रांतात, शहरापासून सुमारे ६० किमीवर आहे. बुकिंगच्या पडद्यावर दोन्हींना ‘टोकियो’च म्हटलेले असते, त्यामुळे शहराच्या नावाशेजारी एचएनडी (हानेदा) लिहिले आहे की एनआरटी (नरिता), हे पाहूनच पुढे जावे. हवेतल्या अंतरात या निवडीने पन्नास-साठ किलोमीटरचा फरक पडतो, म्हणजे विमानाची चारेक मिनिटे. जमिनीवर पडणारा फरक याच्या कितीतरी पट मोठा आहे. त्याचा विचार शेवटच्या पायरीत केला आहे.

दुसरी पायरी: गोलावरचे सर्वांत कमी अंतर काढा

पृथ्वी गोल असल्यामुळे दोन शहरांमधला सर्वांत जवळचा मार्ग सपाट नकाशावर सरळ दिसत नाही. पृथ्वीगोलावर दिल्ली आणि टोकियोवर बोट ठेवून त्यांच्यामध्ये दोरा ताणला तर तो ज्या रेषेवर बसतो तिला बृहद्वृत्त म्हणतात. संकेतस्थळांवर दोन शहरांमधले ‘हवाई अंतर’ म्हणून जो आकडा दिसतो, तो बहुधा याच रेषेचा असतो.

हा आकडा साध्या वैज्ञानिक कॅल्क्युलेटरवर काढता येतो. दिल्ली विमानतळ २८.५७ अंश उत्तर आणि ७७.१० अंश पूर्व येथे आहे, तर हानेदा ३५.५५ अंश उत्तर आणि १३९.७८ अंश पूर्व येथे. दोन्ही अक्षांशांच्या साइनांचा गुणाकार करावा, तो ०.२७८ येतो. मग दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांशांमधल्या फरकाचा, म्हणजे ६२.६८ अंशांचा, कोसाइन यांचा गुणाकार करावा, तो ०.३२८ येतो. दोन्हींची बेरीज ०.६०६. ज्या कोनाचा कोसाइन ०.६०६ आहे तो कोन ५२.७ अंशांचा, आणि पृथ्वीच्या मध्यातून पाहिले तर दोन्ही विमानतळांमध्ये तेवढाच कोन होतो. पृथ्वीच्या पृष्ठभागावर एक अंश म्हणजे सुमारे १११.२ किमी, म्हणून अंतर झाले सुमारे ५,८६० किमी. वैमानिकांच्या मापात सांगायचे तर एका अंशात ६० सागरी मैल असतात, त्यामुळे ५२.७ ला ६० ने गुणले की ३,१६० सागरी मैल लगेच मिळतात. कॅल्क्युलेटर अंशांवर लावला आहे ना, रेडियनवर नाही ना, एवढे तपासावे. नवख्या माणसाची निम्मी गणिते तिथेच बिघडतात.

नेहमीच्या मर्केटर नकाशावर पट्टीने सरळ रेघ ओढून त्या रेघेवरून गेले तर अंतर सुमारे ५,९६० किमी भरते, म्हणजे दोरा ताणलेल्या मार्गाहून फक्त शंभर किलोमीटर जास्त. या मार्गावर गोलाईमुळे पडणारा फरक इतकाच आहे. खरा फरक पाडतो तो हिमालय.

तिसरी पायरी: विमान प्रत्यक्षात कुठून जाते ते पाहा

दिल्लीहून ताणलेला दोरा ईशान्येकडे निघतो, उत्तराखंड आणि नेपाळ यांच्या सीमेजवळ हिमालय ओलांडतो, तिबेटच्या पठारावरून उत्तर चीनमध्ये शिरतो, शानतुंग द्वीपकल्पाजवळ सर्वांत उत्तरेला पोहोचतो आणि दक्षिण कोरियावरून जपानकडे उतरतो. कागदावर हा मार्ग सुंदर आहे, पण प्रवासी विमाने सर्वसाधारणपणे तो घेत नाहीत.

याचे कारण प्रवाशांच्या डोक्यावरच्या मास्कमध्ये आहे. केबिनमधला हवेचा दाब अचानक गेला तर वैमानिकाला विमान झपाट्याने १०,००० फुटांवर, म्हणजे सुमारे ३,००० मीटरवर आणावे लागते, कारण तिथे माणूस मास्कशिवाय श्वास घेऊ शकतो. प्रवाशांसाठीचा ऑक्सिजन बहुतेक विमानांत बारा ते बावीस मिनिटे पुरेल एवढाच असतो. तिबेटच्या पठाराची सरासरी उंचीच ४,५०० मीटरच्या आसपास आहे, त्यामुळे खाली यायचे म्हटले तरी खाली जमीनच आड येते आणि सखल प्रदेश गाठेपर्यंत तेवढी मिनिटे पुरत नाहीत. एक इंजिन बंद पडले तरी विमानाला उंची सोडावी लागते आणि तीच अडचण पुन्हा उभी राहते. म्हणून टोकियोकडे जाणारी विमाने हिमालयाला डावीकडे ठेवून गंगेच्या मैदानावरून पूर्वेकडे जातात, म्यानमारचा उत्तर भाग ओलांडतात आणि युन्नान प्रांतातून चीनमध्ये शिरतात. आकाश निरभ्र असेल आणि दिवसाचे विमान असेल, तर जाताना डाव्या खिडकीतून बर्फाची लांबच लांब रांग दिसते ती याच वळशामुळे.

हा वळसा मोजण्यासाठी मार्गाचे दोन तुकडे करावेत. युन्नानची राजधानी खुनमिंग मधला टप्पा धरली, तर दिल्ली ते खुनमिंग सुमारे २,५७० किमी आणि खुनमिंग ते हानेदा सुमारे ३,७२० किमी, असे एकूण ६,२९० किमी होतात. दोऱ्याच्या अंतरापेक्षा हे ४३० किमी जास्त आहे. रोजचा मार्ग हवामान आणि हवाई वाहतूक नियंत्रणाच्या सूचनांप्रमाणे थोडा इकडेतिकडे होतो, पण अंदाजासाठी हा आकडा चांगला आहे आणि पुढच्या हिशेबात तोच वापरला आहे.

चौथी पायरी: वाऱ्याचा हिशेब करा

या मार्गावरची मोठी विमाने हवेच्या तुलनेत ताशी सुमारे ९०० किमी वेगाने जातात. ६,२९० ला ९०० ने भागले की सात तास येतात. वारा नसता तर जातानाही सात आणि येतानाही सात तास लागले असते. पण विमान हवेत तरंगत असते आणि ती हवा स्वतः वाहत असते. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे धावणाऱ्या वेगवान वाऱ्याच्या पट्ट्याला जेट प्रवाह म्हणतात, आणि हिवाळ्यात जपानवर तो जगातल्या सर्वांत जोरदार पट्ट्यांपैकी एक असतो. त्याच्या गाभ्यात वाऱ्याचा वेग ताशी ३०० किमीच्याही पुढे जातो. हा वारा पद्धतशीरपणे मोजणारा पहिला माणूसही टोकियोच्या जवळचाच. वासाबुरो ओइशी या हवामानशास्त्रज्ञाने टोकियोच्या ईशान्येला असलेल्या तातेनो येथील वेधशाळेतून फुगे सोडून तो मोजला आणि १९२६ साली आपला अहवाल एस्पेरांतो या कृत्रिम भाषेत छापला. तो जगभर वाचला जावा अशी त्याची इच्छा होती, आणि त्या भाषेमुळेच तो फार थोड्यांनी वाचला.

आता हिशेब. हिवाळ्यात संपूर्ण मार्गावर सरासरी ताशी १३० किमी वारा धरू. जाताना तो पाठीशी असतो, म्हणून जमिनीच्या तुलनेत वेग १,०३० होतो आणि सहा तास सहा मिनिटे लागतात. येताना तो समोरून येतो, वेग ७७० वर उतरतो आणि आठ तास दहा मिनिटे लागतात. इथे एक गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे. वारा दोन्ही वेळी सारखाच असूनही जाताना वाचलेली मिनिटे त्रेपन्न आणि येताना गेलेली एकाहत्तर. समोरचा वारा विमानाला हळू तर करतोच, शिवाय त्या हळू वेगात विमान वाऱ्यात जास्त वेळ अडकून राहते. त्यामुळे जाण्यायेण्याच्या फेरीत वारा नेहमी थोडा तोट्याचाच ठरतो. परतीच्या विमानाचे नियोजन करणारे म्हणूनच प्रवाहाचा गाभा टाळून जरा दक्षिणेची वाट किंवा वेगळी उंची शोधत असतात.

पावसाळ्यात चित्र बदलते. मान्सून येतो त्या सुमारास उत्तर भारतावरचा पश्चिमी जेट प्रवाह सरकून तिबेटच्या पठाराच्या उत्तरेला जातो आणि जपानवरचा वाराही मंदावतो, त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये जाण्यायेण्याच्या वेळांतला फरक बराच कमी होतो. जानेवारीतले एखाद्याचे अनुभव ऐकून ऑगस्टचा अंदाज बांधू नये. आसनासमोरच्या पडद्यावर नकाशा सुरू केला की जमिनीच्या तुलनेतला वेग दिसतो. त्यातून ९०० वजा केले की त्या क्षणी वारा आपल्याला किती ढकलतो आहे किंवा अडवतो आहे, याचा अंदाज तिथेच येतो.

पाचवी पायरी: तिकिटावरचा कालावधी म्हणजे काय ते समजून घ्या

वरचा हिशेब समतल उड्डाणाचा झाला. चढताना आणि उतरताना वेग कमी असतो, उतरण्यापूर्वी विमानांच्या रांगेत वळणे घ्यावी लागतात, आणि यासाठी अर्धा तास वाढवावा. तिकिटावर जो कालावधी असतो त्यात याखेरीज आणखी एक भाग मिसळलेला असतो: विमान गेटवरून मागे ढकलले जाते त्या क्षणापासून दुसऱ्या टोकाच्या गेटवर थांबेपर्यंतचा सगळा वेळ. याला विमान कंपन्या ब्लॉक टाइम म्हणतात. दिल्लीसारख्या मोठ्या विमानतळावर गेट ते धावपट्टी हे अंतर कापायला आणि आपली पाळी यायला वीस मिनिटे सहज जातात, टोकियोत उतरल्यावर आणखी दहा, आणि उशीर झाला तरी वेळापत्रक पाळले जावे म्हणून कंपन्या काही मिनिटे राखीवही ठेवतात. सहा तास सहा मिनिटांत हे सगळे मिळवले की साडेसात ते आठ तास होतात, आणि आठ तास दहा मिनिटांत मिळवले की साडेनऊ ते दहा. थेट विमानांच्या वेळापत्रकात याच आसपासचे आकडे दिसतात.

म्हणून वैमानिकाने ‘आपला उड्डाणकाळ सहा तास पन्नास मिनिटे’ असे सांगितले आणि तिकिटावर पावणेआठ तास असले, तर कोणी चुकलेले नसते. एकाने हवेतला वेळ सांगितलेला असतो, दुसऱ्याने गेटपासून गेटपर्यंतचा.

सहावी पायरी: दोन घड्याळे एका घड्याळावर आणा

तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या शहराची स्थानिक वेळ असते. हा नियम जगभर सारखा आहे. भारताची प्रमाणवेळ यूटीसीच्या, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेच्या, साडेपाच तास पुढे आणि जपानची नऊ तास पुढे आहे, म्हणून टोकियोचे घड्याळ दिल्लीच्या साडेतीन तास पुढे असते. दोन्ही देश उन्हाळ्यात घड्याळ पुढेमागे करत नाहीत, त्यामुळे हा फरक बाराही महिने तोच राहतो.

चुका होतात त्या अर्ध्या तासावर. घाईत कोणी तीन धरतो, कोणी चार. सर्वांत भरवशाचा मार्ग म्हणजे दोन्ही वेळा दिल्लीच्या घड्याळात लिहून काढणे. टोकियोची सकाळची साडेसात म्हणजे दिल्लीची पहाटेची चार. रात्री आठ ते पहाटे चार, झाले आठ तास. येताना टोकियोची सकाळची अकरा म्हणजे दिल्लीची साडेसात. साडेसात ते संध्याकाळी पाच, झाले साडेनऊ तास.

तारखेचेही तसेच. पोहोचण्याच्या वेळेपुढे ‘+१’ असेल तर ती दुसऱ्या दिवशीची आहे, आणि हॉटेलचे आरक्षण त्याच दिवसापासून करावे. मध्यरात्रीनंतरच्या विमानांनी तर अनुभवी माणसेही फसतात. तिकिटावर १२ तारीख आणि ००:३० अशी वेळ असेल तर घरातून ११ तारखेच्या संध्याकाळीच निघायचे असते. १२ च्या रात्री विमानतळावर पोहोचणाऱ्याचे विमान वीस-बावीस तास आधीच गेलेले असते.

घड्याळाचा फरक साडेतीन तास असला तरी सूर्याचा फरक त्याहून मोठा आहे. दोन्ही विमानतळांच्या रेखांशांमध्ये ६२.६८ अंशांचे अंतर आहे, आणि सूर्याला एक अंश ओलांडायला चार मिनिटे लागतात, म्हणून प्रत्यक्ष फरक चार तास अकरा मिनिटांचा होतो. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशावर ठरवलेली आहे आणि दिल्ली त्याच्या पश्चिमेला आहे. जपानची १३५ अंशांवर ठरवलेली आहे आणि टोकियो त्याच्या पूर्वेला. दिल्लीत सूर्य घड्याळापेक्षा बावीस मिनिटे मागे आणि टोकियोत एकोणीस मिनिटे पुढे असतो. ही एकेचाळीस मिनिटे साडेतीन तासांत मिळवली की हिशेब जुळतो. टोकियोत उतरल्यावर सकाळ वाजवीपेक्षा लवकर उजाडली आणि संध्याकाळ घाईने आली असे नवख्याला वाटते, त्याचे मोठे कारण हे आहे.

सातवी पायरी: थेट विमान नसेल तर थांब्याचा भाव काढा

या मार्गावर एअर इंडिया, ऑल निप्पॉन एअरवेज आणि जपान एअरलाइन्स थेट विमाने चालवतात. थांबा घेऊन जाणारी तिकिटे अनेकदा स्वस्त असतात, पण सगळे थांबे सारखे नसतात. हाँगकाँगमार्गे गेले तर दोन्ही टप्प्यांची बृहद्वृत्तावरची बेरीज सुमारे ६,६५० किमी होते, बँकॉकमार्गे सुमारे ७,५४० आणि सिंगापूरमार्गे सुमारे ९,४६०. हाँगकाँग जवळजवळ वाटेवरच आहे; सिंगापूरला जाण्यासाठी विषुववृत्ताजवळ उतरून पुन्हा वर चढावे लागते, आणि त्यात चारेक तास केवळ उड्डाणाचेच वाढतात. माझे मत असे की पहिल्या प्रवासात सिंगापूरचा मार्ग तिकिटात मोठी बचत होत असेल तरच घ्यावा.

थांब्याच्या प्रवासात तीन घड्याळे येतात. दिल्लीहून रात्री ११ वाजता सुटून हाँगकाँगला सकाळी ७ वाजता पोहोचणारे विमान धरू. हाँगकाँग दिल्लीच्या अडीच तास पुढे आहे, म्हणून हा टप्पा साडेपाच तासांचा. तिथून साडेनऊला सुटून टोकियोला दुपारी पावणेतीनला पोहोचले, तर टोकियो एक तास पुढे असल्याने दुसरा टप्पा सव्वाचार तासांचा. मधले अडीच तास मिळवून एकूण सव्वाबारा तास झाले. ताळा करण्यासाठी मधले शहर विसरावे आणि फक्त टोके पाहावीत: रात्री ११ ते दुपारी पावणेतीन म्हणजे पावणेसोळा तास, त्यातून साडेतीन वजा केले की पुन्हा सव्वाबाराच. दोन्ही उत्तरे जुळली नाहीत तर कुठेतरी तारीख किंवा अर्धा तास निसटला आहे.

दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर असावेत. मग सामान थेट टोकियोपर्यंत जाते आणि पहिल्या विमानाला उशीर होऊन दुसरे चुकले तर पुढची सोय कंपनीला करावी लागते. वेगवेगळी तिकिटे काढली तर ही जबाबदारी आपली होते, मधल्या देशात बाहेर पडून सामान घ्यावे लागू शकते आणि त्यासाठी तिथला व्हिसाही लागू शकतो. अशा वेळी दीड तासाचा थांबा पुरेल या भरवशावर राहू नये.

आठवी पायरी: दारापासून दारापर्यंतचा वेळ मांडा

प्रवासाचा दिवस कसा जाईल हे ठरवणारा आकडा हाच आहे. रात्री ८ चे विमान असेल तर संध्याकाळी ५ वाजता विमानतळावर असावे, कारण आंतरराष्ट्रीय प्रवासाला तीन तास आधी पोहोचणे योग्य आणि बहुतेक काउंटर सुटण्याच्या तासभर आधी बंद होतात. विमानतळापर्यंत एक तास धरला तर चार वाजता घर सोडायचे. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीच्या धुक्याने रस्ता आणि धावपट्टी दोन्ही मंदावतात, तेव्हा आणखी वेळ हाताशी ठेवावा. जपानच्या बाजूला ऑगस्ट ते ऑक्टोबर हे वादळांचे महिने असतात. सकाळी साडेसातला हानेदाला उतरल्यावर इमिग्रेशन, सामान आणि कस्टम्स यांना सव्वा तास धरावा. ‘व्हिजिट जपान वेब’वर माहिती आधीच भरून क्यूआर कोड तयार ठेवला तर हे काम लवकर होते. तिथून मोनोरेलने हामामात्सुचो किंवा केइक्यू रेल्वेने शिनागावा गाठून पुढे मुक्कामी जायला पाऊण तास, म्हणजे साडेनऊ. घर सोडले तेव्हा टोकियोत संध्याकाळचे साडेसात वाजले होते. एकूण चौदा तास झाले, आणि त्यांतले हवेतले जेमतेम सात.

नरिताला उतरणार असाल तर स्कायलायनर गाडीने निप्पोरीपर्यंत साधारण चाळीस मिनिटे किंवा नरिता एक्सप्रेसने टोकियो स्थानकापर्यंत तासभर धरावा, आणि तिथून पुढचा प्रवास वेगळा. रात्री उशिरा उतरणारे विमान असेल तर शेवटच्या गाडीची वेळ निघण्यापूर्वीच पाहून ठेवावी. मध्यरात्रीच्या सुमारास गाड्या बंद होतात, आणि साठ किलोमीटरची टॅक्सी फार महाग पडते.

झोपेची आखणीही याच हिशेबातून होते. रात्री ८ ला विमान सुटते तेव्हा टोकियोत साडेअकरा वाजलेले असतात, म्हणून आसनावर बसताच घड्याळ टोकियोवर लावावे आणि जेवणाची वाट न पाहता झोपावे. सकाळचा नाश्ता दिल्लीच्या पहाटे दोन-अडीचला समोर येतो, तेव्हा झोप फारच थोडी मिळालेली असते. परतीच्या दिवशी उलट होते. दिल्लीत संध्याकाळी ५ वाजता उतरताना शरीराचे साडेआठ झालेले असतात आणि सात वाजेपर्यंत डोळे मिटू लागतात. त्या दिवशी दहापर्यंत जागे राहावे, नाहीतर पहाटे तीनला टक्क जाग येते आणि पुढचे दोन दिवस तेच चालू राहते.